ख्यातीचे मोल आणि हिशेबतपासणीचा मेहनताना

नांदूरघाटसारख्या गावात चालते दुकान विकले गेले, तर घेणारा माल आणि कपाटे यांच्या किमतीहून काही अधिक रक्कम मोजतो. जुनी गिऱ्हाइके त्याच उंबरठ्यावर येत राहतील, या भरवशाचे ते मोल होय. कंपन्यांच्या हिशेबात यासच ख्याती म्हणतात. मात्र दुकानदारास आपल्या भरवशाचा दाखला कोणास द्यावा लागत नाही. कंपनीस तो तपासनिसामार्फत भागधारकांना द्यावा लागतो. या दाखल्याचा खर्च का वाढला, याचे उत्तर हिशेबाच्या नियमांच्या इतिहासात सापडते.

१९९५ पासून लागू झालेल्या भारतीय हिशेबमानक १४ नुसार विलीनीकरणात खरेदी केलेली ख्याती सामान्यतः पाच वर्षांत खर्ची टाकावयाची असे. तेथे तपासनिसाचे काम बव्हंशी भागाकाराचे होते. अमेरिकेने २००१ मध्ये व आंतरराष्ट्रीय मानकांनी २००४ मध्ये ही ठरावीक घट बंद केली आणि ख्यातीच्या मूल्याची दरवर्षी परीक्षा आवश्यक ठरविली. भारतातील मोठ्या कंपन्यांस ही पद्धत २०१६-१७ पासून लागू झाली. परिणामी भविष्यातील विक्री, नफा व व्याजदर यांविषयीचे व्यवस्थापनाचे अंदाज पारखणे तपासनिसास प्राप्त झाले. त्यासाठी मूल्यांकनतज्ज्ञ लागतात आणि अनुभवी भागीदारांचा वेळ खर्ची पडतो.

डॅन सिम्युनिक यांनी १९८० मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार मेहनतान्यात दोन घटक असतात : श्रमाचा खर्च आणि पुढे उद्भवू शकणाऱ्या नुकसानीच्या दायित्वाची भरपाई. ख्याती हे दोन्ही घटक वाढविते.

यांतील दुसऱ्या घटकाचे मूळ मुंबईच्या टाटा स्टीलच्या उदाहरणावरून ध्यानी येते. ऑक्टोबर २००६ मध्ये कोरस या कंपनीसाठी दर भागास ४५५ पेन्स देऊ करण्यात आले होते. ब्राझीलच्या प्रतिस्पर्ध्याशी झालेल्या चढाओढीनंतर, जानेवारी २००७ च्या अखेरीस, सौदा ६०८ पेन्सवर ठरला. एकूण किंमत सुमारे ६.२ अब्ज पौंड झाली. पुढे जागतिक मंदी आली, युरोपातील पोलादाची मागणी खालावली आणि २०१२-१३ च्या एकत्रित हिशेबात ख्याती व अन्य मालमत्ता यांच्या मूल्यात सुमारे १.६ अब्ज डॉलरची घट दाखवावी लागली. लिलावाच्या दिवशीचा भरवसा किती काळ टिकेल हे कोणत्याही पावतीवर लिहिलेले नसते. तपासनिसास मात्र त्यावर दरवर्षी मत द्यावे लागते.

येथेच खरा पेच आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १४२ नुसार मेहनताना सर्वसाधारण सभेने किंवा तिने ठरविलेल्या रीतीने निश्चित होतो. प्रत्यक्षात हा अधिकार पुष्कळदा संचालक मंडळाकडे सोपविला जातो. म्हणजे ज्यांनी जादा किंमत मोजली, त्यांच्याच निर्णयाच्या परीक्षेचे मोल ठरविण्यात त्यांचा हात असतो. म्हणून ताळेबंदात ख्याती फुगलेली असून मेहनताना मात्र जैसे थे असेल, तर त्यास काटकसर म्हणण्यापूर्वी परीक्षा पुरेशी झाली काय, हे भागधारकांनी विचारावे. दोन्ही आकडे प्रसिद्ध हिशेबात दिलेले असतात. ते एकत्र वाचण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते.