कोठार आणि शिदोरी

संगणकाचा एखादा प्रोग्राम बाहेरून पाहणारास स्वयंपूर्ण वाटतो. वस्तुतः तो क्वचितच तसा असतो. अक्षरें उमटविणें, फाइल उघडणें हीं नित्याचीं कामें प्रत्येक प्रोग्राम नव्यानें करीत नाहीं. त्यांसाठीं ‘लायब्ररी’ नांवाचें सामायिक कोठार असतें. श्रोत्यांस घरचें उदाहरण पटेल: कोठारांतला जिन्नस बदलला, कीं त्यावर विसंबलेली चूल अडते.

इ. स. १९९१ मध्यें हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. नुसत्या गाभ्यानें भागत नाहीं; म्हणून त्याभोंवतीं इतर प्रोग्राम जुळवून देणारे संग्रह निघाले. त्यांस ‘वितरणें’ म्हणतात. पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांचें स्लॅकवेअर व इअन मरडॉक यांचें डेबियन हीं दोन्ही १९९३ मधलीं. कोणत्या प्रोग्रामास काय लागतें, हा हिशेब स्लॅकवेअरनें वापरणारावर सोपविला. डेबियननें मात्र प्रत्येक पुडक्याबरोबर त्याच्या गरजांची यादी लिहिण्याचा प्रघात पाडला. रेड हॅटच्या आरपीएम पद्धतींतही तशीच तजवीज झाली.

यादीची कसोटी लवकरच लागली. १९९७ च्या सुमारास सर्वांच्या मुळाशीं असलेली सी लायब्ररीच बदलली. नवीसाठीं बांधलेला प्रोग्राम जुनीवर चालेना, व जुन्या प्रोग्रामांस जुनीच लायब्ररी हवी. रेड हॅटनें डिसेंबर १९९७ मध्यें ५.० या आवृत्तींत, तर डेबियननें जुलै १९९८ मध्यें २.० या आवृत्तींत हें स्थित्यंतर केलें. मधल्या काळांत दोन्ही कोठारें शेजारीं शेजारीं ठेवावीं लागलीं.

तथापि यादी असणें निराळें व ती पुरी करणें निराळें. एक पुडकें आणावें, तों तें दुसरें मागे. दुसरें तिसरें मागे. आणि तिसर्‍याचें पहिल्याशीं पटेना. या अवस्थेस ‘अवलंबनाचा नरक’ असें नांव पडलें. मार्च १९९९ मध्यें डेबियन २.१ बरोबर आलेल्या ‘ॲप्ट’ या साधनानें यादी वाचून लागतील तीं पुडकीं आपण होऊन आणण्याचें काम पत्करलें.

एका वितरणांत अशी घडी बसली, तरी वितरणा-वितरणांमधली भिंत राहिलीच. ती काढण्यासाठीं ‘लिनक्स स्टँडर्ड बेस’ हें समाईक मानक २००१ मध्यें प्रसिद्ध झालें. परंतु २०१५ मध्यें डेबियननें त्याचा पाठपुरावा बहुतांशीं सोडला. दरम्यान २०१३ मध्यें ‘डॉकर’ आला, आणि प्रत्येक प्रोग्रामानें आपली शिदोरी बरोबर बाळगण्याची रीत फोफावली. भांडण मिटलें खरें. पण सामायिक कोठारांतला दोष एकदां निवडला म्हणजे सर्वांचें काम होई. तोच आतां प्रत्येकाच्या शिदोरींत स्वतंत्र शोधावा लागतो. हिशेब टळला नाहीं. तो ठेवणारा मात्र बदलला.