पेटीचा चढा गंधार

भजनाला बसलो की आपण आधी पेटीचा सूर धरतो. कोल्हापूरपासून जवळच, सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले सूर मोजून १९१० साली पुस्तक काढलं. हिशेब असा: सा ४ वेळा थरथरतो तेवढ्यात शुद्ध गंधार ५ वेळा, पंचम ६ वेळा. मग तिन्ही एकजीव होतात. पेटीत बारा सूर सारख्या अंतरावर बसवलेले, म्हणून तिचा गंधार जरा चढा. १९४० साली रेडिओनं पेटीला दार बंद केलं, ते तीसेक वर्षं. आम्हाला ते जास्तच वाटतं. मिरजेच्या तंबोऱ्यात मात्र गंधाराची तार नसूनही खर्जातून गंधार ऐकू येतो.

पेटी थांबली की आमच्या मंडळातल्या आजींचा गंधार किंचित उतरतो. आम्ही त्यांना बेसूर म्हणायचो.