भूक लावणारं फळ, भूक मारणारी गोळी

‘रोज उपाशीपोटी कोकमाचं पाणी प्या, पोटावरची चरबी वितळते’ असं सांगणारी एखादी रील तुमच्याही फोनवर येऊन गेली असेल. अशा रीलमध्ये दोन शब्द हमखास असतात: ‘गार्सिनिया’ आणि ‘एचसीए’. आता हाच प्रश्न कोकणातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात विचारून बघा. कोकम कशासाठी? आमटीला, माशाच्या कालवणाला, सोलकढीला. जड जेवण पचायला. अंगावर पित्त उठलं तर आमसुलाचं पाणी लावायला. टाचांना भेगा पडल्या तर कोकमतेल चोळायला. या यादीत चरबीचं नाव कुणी काढणार नाही. मग ती आली कुठून?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे एखादी विचित्र गोष्ट दिसली की आम्ही जुन्या नोंदी उघडतो आणि ही ओळ नेमकी कधी, कुठून आत शिरली ते शोधतो. कोकमाच्या बाबतीत तसं केलं तर बरंच मागे जावं लागतं.

आधी झाड आणि त्याची नावं

कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका. पश्चिम घाट आणि त्याखालची किनारपट्टी, म्हणजे कोकण, गोवा आणि कारवारचा पट्टा, हे त्याचं घर. फळ उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये पिकतं. त्या ताज्या फळाला रत्नागिरीकडे रातांबा म्हणतात, तर सिंधुदुर्गात आणि गोव्यात भिरंड. फोडून आतला गर काढला आणि सालं त्याच रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात वाळवली की आमसुलं किंवा सोलं झाली. मीठ घालून रस काढला तर आगळ, साखरेत मुरवलं तर अमृतकोकम. बियांपासून निघणारं तेल थंड झाल्यावर घट्ट होतं आणि त्याचे मुठीएवढे गोळे वळतात, म्हणून त्याला मुठेल असंही नाव आहे.

एका फळाच्या प्रत्येक भागाला वेगळं नाव आहे, कारण प्रत्येकाचा उपयोग वेगळा. पुढच्या गोष्टीत हे लक्षात ठेवायला हवं.

आयुर्वेदात ‘वृक्षाम्ल’ हे नाव येतं, ते सहसा कोकमाचं मानलं जातं. चरकसंहितेत औषधांचे दहा-दहाचे गट आहेत. त्यातल्या ‘हृद्य’ गटात आंबा, करवंद, बोर, डाळिंब, महाळुंग यांच्या जोडीला वृक्षाम्ल आहे. गट आंबट फळांचा आहे. ‘हृद्य’ म्हणजे हृदयाला हितकर आणि मनालाही रुचणारं. नंतरच्या निघंटूंमध्ये वृक्षाम्लासाठी आणखी दोन शब्द सापडतात: रोचन आणि दीपन. तोंडाला चव आणणारं आणि भूक प्रदीप्त करणारं.

म्हणजे जुन्या वैद्यकाच्या हिशेबात हे भूक वाढवणारं फळ आहे.

भिरंडाचं ब्रिंडाव झालं

गार्सिया द ऑर्टा हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. इथल्या औषधी द्रव्यांवर त्याने संवादाच्या रूपात लिहिलेलं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. भारतात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. त्यात भिरंड आहे, पोर्तुगीज वळणाने ‘ब्रिंडाव’ झालेलं. बाहेरून लालसर, आत रक्तासारखं लाल, चवीला फार आंबट, आणि साल व्हिनेगर करायला कामी येते, असं त्याचं वर्णन आहे. ऑर्टा वैद्य होता, पण या फळाकडे त्याने मुख्यतः आंबट घटक म्हणून पाहिलं.

(ऑर्टाचं घराणं धर्मांतरित ज्यूंचं होतं. तो १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला गोव्याच्या इन्क्विझिशनने जिवंत जाळलं आणि १५८० साली त्याचीही हाडं उकरून जाळली.)

‘गार्सिनिया’ हे नाव या गार्सियावरून आलं असं वाटेल, पण तसं नाही. लिनिअसने ते लोराँ गार्सँ या दुसऱ्याच वनस्पतिशास्त्रज्ञावरून ठेवलं. तो डच ईस्ट इंडिया कंपनीत शल्यवैद्य होता.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश औषधशास्त्राला कोकमात रस वाटला, तो तेलापुरता. फ्ल्युकिगर आणि हॅनबरी यांच्या १८७४ सालच्या ‘फार्माकोग्राफिया’ या ग्रंथात ‘कोकम बटर’वर स्वतंत्र नोंद आहे. आजी टाचांना लावायची तोच हा गोळा. तो आजही सौंदर्यप्रसाधनांत वापरला जातो. ही बढती रास्त होती: जे काम घरात होत होतं, तेच बाजारातही राहिलं.

केरळातला भाऊबंद

चरबीची गोष्ट सुरू होते ती कोकमापासून नाही, त्याच्या एका भाऊबंदापासून. केरळात माशाच्या कालवणात कुडमपुळी घालतात. भोपळ्यासारख्या फाका असलेलं हे पिवळट फळ सुकवून, धुरी देऊन काळं करतात. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडच्या ‘हॉर्टस मलबारिकस’च्या (१६७८-१६९३) पहिल्या खंडात त्याचं चित्र आहे. युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुढे या झाडाची गल्लत ‘गॅम्बोज’ देणाऱ्या झाडाशी केली. गॅम्बोज हा पिवळा डिंक आग्नेय आशियातून यायचा. चित्रकार तो रंगासाठी वापरत आणि वैद्य जहाल जुलाबासाठी. त्याचं नाव कंबोडियावरून पडलेलं. अशा रीतीने केरळच्या कालवणातलं फळ शास्त्रीय कागदावर ‘गार्सिनिया कंबोजिया’ झालं. आज त्याचं मान्य नाव ‘गार्सिनिया गुम्मी-गुट्टा’ आहे, पण बाजाराने जुनंच धरून ठेवलं.

या फळांतलं आम्ल टार्टारिक किंवा सायट्रिक असावं असा बराच काळ समज होता. १९६५ साली लुईस आणि नीलकंठन यांनी दाखवून दिलं की कुडमपुळीतलं मुख्य आम्ल वेगळं आहे: हायड्रॉक्सिसायट्रिक ॲसिड, म्हणजेच एचसीए. कोकमाच्या सालीतही ते भरपूर असतं. चार वर्षांनी अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात लोवेनस्टाइन आणि सहकाऱ्यांना आढळलं की हे आम्ल शरीरातल्या एका विकराला अडवतं. पेशी जादा साखरेपासून चरबी बनवतात तेव्हा सायट्रेटचे तुकडे करायचं काम हा विकर करतो. तो अडला की चरबीचा कच्चा माल अडतो. १९७० च्या दशकात उंदरांना एचसीए दिल्यावर चरबी कमी बनली आणि उंदीर खायलाही कमी लागले.

आपण शोधत होतो ती ओळ ही. ‘भूक कमी करतं’ हे वाक्य चरकातलं नाही, कोकणातलंही नाही. ते उंदरांवरच्या प्रयोगातलं आहे.

माणसांवर काय झालं

१९९० च्या दशकात कॅप्सूल बाजारात आल्या. १९९८ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक नीट आखलेली चाचणी प्रसिद्ध झाली. १३५ जास्त वजनाची माणसं, १२ आठवडे, सगळ्यांना कमी उष्मांकाचा सारखाच आहार. निम्म्यांना रोज १५०० मिलिग्रॅम एचसीए, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. एचसीए घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलोने घटलं आणि नुसती गोळी घेणाऱ्यांचं ४.१ किलोने. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण नव्हता. थोडक्यात, काम आहाराने केलं होतं. २०११ साली अशा १२ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा एचसीएच्या बाजूने जेमतेम एक किलोच्या आतला फरक निघाला आणि त्याचा व्यवहारात उपयोग काय याबद्दल संशोधकांनाच शंका होती.

तरी विक्री थांबली नाही. अमेरिकेतले टीव्हीवरचे डॉक्टर मेहमेत ऑझ यांनी गार्सिनियाची भलामण केली आणि २०१४ साली त्यांना अशा दाव्यांबद्दल सिनेटच्या उपसमितीपुढे उत्तरं द्यावी लागली. यकृताला होणाऱ्या इजांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन संशोधन-जाळ्याने पुढे गार्सिनिया असलेली पूरकं घेणारे २२ रुग्ण नोंदवले. त्यातल्या बहुतेकांनी ते ग्रीन टीच्या अर्कासोबत घेतलं होतं, पण पाच जणांनी फक्त गार्सिनिया घेतलं होतं. एका विशिष्ट जनुकीय ठेवणीच्या माणसांना हा धोका जास्त दिसतो. कोट्यवधी गोळ्यांच्या मानाने आकडा लहान आहे. पण वजन उतरवण्यासाठी घेतलेल्या गोळीने कावीळ होणं ही किंमत, मोबदल्यात जवळपास काहीच न देणाऱ्या वस्तूसाठी, फार मोठी आहे.

फळ आणि अर्क

इथे कोकमाला दोष द्यायचं कारण नाही. आमटीत आपण दोन-चार आमसुलं टाकतो. तो आंबटपणा डाळीत, गुळात, भातात मिसळून पोटात जातो. कॅप्सूल मात्र दुसऱ्या जातीच्या फळातलं एकच रसायन वेगळं काढून, दाट करून, रोज, महिनोन्‌महिने, तेही जेवणाआधी पोटात ढकलते. दोघांमध्ये सामाईक असतं ते ‘गार्सिनिया’ हे आडनाव. त्या आडनावाच्या जोरावर कॅप्सूल ‘पारंपरिक’ म्हणवून घेते आणि उलट दिशेने कॅप्सूलचा दावा आपल्या सरबताच्या बाटलीवर येऊन बसतो.

म्हणून ‘शेकडो वर्षांपासून वापरात’ असं वाचलं की चार साधे प्रश्न विचारायचे. कुठलं फळ? त्याचा कुठला भाग? किती? आणि कशासाठी? कोकमाच्या बाबतीत या चारही प्रश्नांची उत्तरं आपल्या भाषेत आधीच आहेत. रातांबा, आमसूल, आगळ, मुठेल हे शब्दच सांगतात की काय खायचं, काय प्यायचं आणि काय लावायचं. उरला ‘कशासाठी’चा प्रश्न. त्याचं उत्तर जेवणाच्या शेवटी भातावर किंवा वाटीत वाढली जाणारी सोलकढी देते: खाल्लेलं पचावं आणि पुढच्या जेवणाला भूक लागावी.