प्रीएक्लॅम्पसिया: गरोदरपणात वाढणारा रक्तदाब आणि वारेचे आरोग्य

गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त राहू लागला आणि त्यासोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातील प्लेटलेट्स यांवर परिणाम दिसू लागला, तर त्या आजाराला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. यात झटके आल्यास त्याला एक्लॅम्पसिया म्हणतात. तो आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोकादायक असतो.

हा आजार कशामुळे होतो?

आजार उशिरा दिसतो, पण बहुतेकदा त्याची सुरुवात पहिल्या काही महिन्यांत वारेत म्हणजे प्लासेंटात झालेली असते. वार रुजताना तिच्या पेशी गर्भाशयाच्या बारीक धमन्यांमध्ये शिरून त्यांना रुंद करतात, म्हणजे बाळाला भरपूर रक्त मिळते. हे काम अपुरे राहिले तर वारेला रक्त कमी पडते. अशी वार आईच्या रक्तात एसएफएलटी-१ नावाचे प्रथिन जास्त प्रमाणात सोडते. रक्तवाहिन्या निरोगी ठेवणारे घटक हे प्रथिन अडवून धरते आणि रक्तदाब वाढतो. अमेरिकेतील संशोधकांनी २००३ मध्ये हा दुवा दाखवून दिला.

म्हणूनच हा आजार तुमच्या काळजीमुळे, कामामुळे किंवा खाण्यातल्या एखाद्या चुकीमुळे झालेला नसतो.

तो टाळता येतो का?

काही प्रमाणात, पण वेळेत सुरुवात केली तरच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅस्प्रे’ या अभ्यासात जास्त धोका असलेल्या स्त्रियांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ आठवड्यांपर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिले. ३७ आठवड्यांपूर्वी प्रसूती करावी लागेल असा प्रीएक्लॅम्पसिया त्यांच्यापैकी १.६ टक्के स्त्रियांना झाला. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ४.३ टक्के होते.

खालीलपैकी काही असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा:

- आधीच्या गरोदरपणात रक्तदाब वाढला होता
- आधीपासून रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे
- जुळी बाळे आहेत
- पहिलेच गरोदरपण, वय ३५ च्या पुढे किंवा वजन जास्त आहे
- आईला किंवा बहिणीला हा त्रास झाला होता

अ‍ॅस्पिरिन स्वतःहून सुरू करू नका. ते कोणी घ्यावे आणि किती, हे डॉक्टरच ठरवतील.

‘मला तर काहीच त्रास नाही’

हेच वाक्य घातक ठरू शकते, कारण सुरुवातीला रक्तदाब वाढलेला जाणवत नाही. प्रत्येक भेटीत बीपी मोजून घ्या आणि लघवी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली मोफत तपासणी होते.

बाळंतपणासाठी सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाताना विशेष जपा. आजार डोके वर काढतो त्याच सुमारास डॉक्टर बदलतात. सगळ्या नोंदी असलेली फाइल सोबत न्या आणि तिथे पोहोचल्यावर आठवड्याभरात बीपी तपासून घ्या.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?

- न थांबणारी डोकेदुखी
- डोळ्यांसमोर अंधारी किंवा काजवे चमकणे
- बरगड्यांखाली, विशेषतः उजवीकडे, खूप दुखणे
- चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक सूज, धाप लागणे
- बाळाची हालचाल कमी होणे
- झटके येणे (१०८ वर फोन करा, तिला डाव्या कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका)

पाय थोडे सुजणे गरोदरपणात नेहमीचे आहे. पण त्याच समजुतीत वरील लक्षणे अंगावर काढू नका.

उपचार

रक्तदाबाच्या गोळ्यांनी दाब आटोक्यात ठेवता येतो, पण आजाराचे मूळ वारेत असल्याने प्रसूती हाच खरा उपाय. ती कधी करायची हे आईची प्रकृती आणि बाळाची वाढ पाहून ठरते. तीव्र आजारात झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात. सुमारे १०,००० स्त्रियांवरील २००२ च्या ‘मॅगपाय’ अभ्यासात त्यामुळे झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला.

बाळंतपणानंतर

बाळ झाले म्हणजे धोका संपला असे नाही. पहिल्या आठवड्यात रक्तदाब पुन्हा वाढू शकतो आणि झटकेही येऊ शकतात. त्यामुळे घरी गेल्यावरही ठरलेल्या दिवशी बीपी तपासा आणि गोळ्या मनाने बंद करू नका. पुढील आयुष्यात उच्च रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून वर्षातून एकदा तपासणी करा आणि पुढच्या गरोदरपणात डॉक्टरांना हा इतिहास सुरुवातीलाच सांगा.