हँडल मारण्याचे दिवस

आमच्या कोलाडला कुंडलिकेत आज रबरी तराफे धावतात. भिऱ्याच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर मुंबई-पुण्याची मंडळी आरडाओरडा करीत खाली जातात. इंजिनाचा इथं काही संबंध नाही. ते भेटतं रोह्याच्या पुढं, नदीची खाडी होऊन ती रेवदंड्याकडं पसरते तिथं. माझे चाचा तिथं एका मचव्यावर तांडेल होते. त्यांच्या उजव्या मनगटाला शेवटपर्यंत बाक होता. तो हँडलनं दिलेला.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबायची की ती तापून तेल पेटावं. हा पहिला दाब बाहेरून द्यावा लागतो. लहान इंजिनावर एक खटका असे. तो उचलून हँडल गरागरा फिरवायचं, जड चाकानं वेग घेतला की खटका पाडायचा. वेग कमी पडला तर उलटा झटका ठरलेला. मोटारगाड्यांतही हेच चाले. ड्रायव्हरांची मनगटं इतकी मोडत की डॉक्टरांनी त्या मोडीला 'शोफर फ्रॅक्चर' असं नावच दिलं.

त्यातून सुटका केली अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी. दुकानाच्या गल्ल्याचं यंत्र त्यांनी आधी विजेवर चालवून दाखवलं होतं. क्षणभरच काम करायचं असेल तर छोट्या मोटरवरही भलता भार टाकता येतो, हे त्यांना तिथं कळलेलं. 1912 च्या कॅडिलॅक गाडीत त्यांचा सेल्फ-स्टार्टर बसला. आमच्या खाडीत तो पोचायला पुष्कळ वर्षं गेली.

मी कॉलेजात असताना चाचांच्या मचव्यात बटणाचं इंजिन आलं. एकदा ऐन ओहोटीत बटण दाबलं, तर नुसतं 'टक्'. मचवा समुद्राकडं ओढला जाऊ लागला. चाचा ओरडले, "पोरा, नांगर सोड!" पुढच्या भरतीपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.

धक्क्यावर मिस्त्रीनं आधी बॅटरीची टोकं घासली. शहाणा माणूस! निम्म्या वेळा दोष स्टार्टरचा नसतोच. या वेळी मात्र होता. स्टार्टर इंजिनाच्या खालच्या अंगाला, बुडातल्या खाऱ्या पाण्यानं पुरता गंजलेला. मिस्त्रीनं बॅटरीची निगेटिव्ह वायर पहिल्यांदा सोडवली, कारण स्टार्टरची जाड केबल थेट बॅटरीतून येते. पाना चुकून कुठं टेकला तर ठिणगी उडायची. मग बोल्ट काढले. ते धूड मी खालून दोन्ही हातांनी पेललं. चाकाच्या कडेचे दाते त्यानं बोटानं चाचपले. ते झिजले असते तर नवा स्टार्टर बसवूनही फुकट गेला असता. बसवायची जागा चकचकीत घासली, कारण विजेची परतीची वाट तीच. निगेटिव्ह वायर सगळ्यांत शेवटी जोडली.

बटण चाचांनीच दाबलं. इंजिन लागलं.

जुन्या स्टार्टरमधल्या तांब्याचे रोह्याच्या भंगारवाल्यानं थोडे पैसे दिले. हँडल मात्र चाचांनी विकलं नाही. नव्या इंजिनाला ते लावायची सोयच नव्हती, तरी मचव्यात फळीखाली ते पडलेलं असे, तेल लावून.