इंटरनेटवर स्वतःचं घर : वैयक्तिक वेबसाइट कशी उभारावी, कशी सांभाळावी

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर आपण रोज काही ना काही लिहितो, फोटो टाकतो. पण ती जागा दुसऱ्याची आहे. मालकाने दुकान बंद केलं की आपलं सामानही गेलं. जिओसिटीज ही मोफत वेबसाइट देणारी सेवा १९९४ मध्ये सुरू झाली. १९९९ मध्ये याहूने ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. आपल्याकडे तरुणांच्या तोंडी असलेलं ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं. मायस्पेसवरची २०१५ पर्यंतची बरीच गाणी, फोटो आणि व्हिडिओ सर्व्हर बदलताना कायमचे गेले. ही गोष्ट २०१९ मध्ये उघड झाली.

इंडीवेब म्हणजे काय?

आपलं लिखाण आधी आपल्या स्वतःच्या वेबसाइटवर ठेवा, मग हवं तर त्याची प्रत इतरत्र द्या, असं मानणाऱ्या लोकांची ही चळवळ. तिचं पहिलं शिबिर २०११ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात भरलं. २०१३ मध्ये निओसिटीज ही सेवा निघाली. जिओसिटीजची आठवण ठेवून तिथे आजही मोफत जागा मिळते.

सुरुवात कशी करावी?

१. पत्ता : डॉट इन किंवा डॉट कॉमने संपणारं नाव, म्हणजे डोमेन, वर्षाच्या फीवर मिळतं. नाव छोटं, उच्चारायला सोपं ठेवा. नोंदणी स्वतःच्या ईमेलने करा, दुकानदाराच्या किंवा ओळखीच्या मुलाच्या नाही.

२. जागा : निओसिटीज किंवा गिटहब पेजेसवर साधी वेबसाइट मोफत ठेवता येते.

३. पान : वेबपान ही एचटीएमएलमध्ये लिहिलेली साधी फाइल असते. नोटपॅडमध्येही ती तयार होते. आठवी-नववीची मुलं काही दिवसांत एवढं शिकतात.

मराठी आणि उर्दू एकाच पानावर

दोन्ही भाषा युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधलं मराठी दुसऱ्याच्या मोबाइलवर अगम्य चिन्हं होऊन दिसतं. उर्दू मजकुराचा फोटो टाकला तर तो साध्या शोधात सापडत नाही, त्यातला शब्द कॉपीही होत नाही. उर्दू परिच्छेदाची दिशा ‘उजवीकडून डावीकडे’ अशी एचटीएमएलमध्ये सांगावी लागते, नाहीतर पूर्णविराम आणि आकडे भलतीकडे जातात. नस्तालीक वळणासाठी गूगलचा ‘नोटो नस्तालीक उर्दू’ हा फॉन्ट मोफत आहे.

काय ठेवावं?

दादी-नानीच्या हातचे पदार्थ, घरात बोलल्या जाणाऱ्या दखनी किंवा कोकणी म्हणी, गावच्या जुन्या शाळेची माहिती, मुलांनी वाचलेल्या पुस्तकांवर चार ओळी. हे दुसरं कोणी लिहून ठेवणार नाही. मोबाइल बदलला की गेलं.

घराची निगा

• डोमेनची मुदत कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. नाव सुटलं तर दुसरा कोणीही घेऊ शकतो.
• संपूर्ण वेबसाइटची प्रत घरच्या संगणकावर आणि पेन ड्राइव्हवर ठेवा. जागा देणारी सेवा बंद पडली तरी तीच प्रत दुसरीकडे चढवता येते आणि डोमेन स्वतःचं असेल तर पत्ता बदलत नाही.
• पानाचा पत्ता उगाच बदलू नका. कुणी दिलेली लिंक तुटते.
• आरएसएस सुरू करा. वाचकाला नवं पान आल्याचं त्याच्या रीडर ॲपमध्ये कळतं, मध्ये कोणत्याही कंपनीची निवड येत नाही.
• आवडलेल्या इतर वेबसाइटच्या लिंक द्या. एकमेकांना जोडलेल्या अशा वेबसाइटच्या साखळीला वेबरिंग म्हणतात. शेजारपाजार असाच वाढतो.

मुलांसाठी खबरदारी

घरचा पत्ता, फोन नंबर, शाळेचं नाव आणि वर्ग टाकू नका. मुलीने किंवा मुलाने टोपणनावाने लिहिलं तरी चालतं. वेबसाइटचा पासवर्ड घरातल्या एका मोठ्या माणसाकडेही असू द्या.

रोज लिहिण्याची सक्ती नाही. महिन्याला एक पान म्हटलं तरी वर्षात बारा होतात. लाइक किती आले हे इथे कोणी मोजत नाही. पण दहा वर्षांनी नातवाने नाव टाकून शोधलं, तर ते पान सापडलं पाहिजे.