पक्षादेश आणि आपला खासदार

संसदेत पक्षनेत्याचे बळ कशात असते, हे पाहण्यास यशवंतराव चव्हाणांचे उदाहरण पुरेसे आहे. १९७७ साली काँग्रेस हरली आणि ते लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. त्याच वर्षीच्या कायद्याने दोन्ही सभागृहांतील विरोधी नेत्यांना पगार व रीतसर मान्यता मिळाली. जुलै १९७९ मध्ये यशवंतरावांनी मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळावर अविश्वासाचा ठराव आणला. जनता पक्षातून सभासद भराभर बाहेर पडले आणि मतदानापूर्वीच मोरारजींनी राजीनामा दिला. राष्ट्रपतींनी यशवंतरावांना विचारले, तेव्हा मात्र त्यांना बहुमत जमवता आले नाही. पद होते, मान होता; डोकी नव्हती.

हा खेळ लोकसभेतच रंगतो, कारण मंत्रिमंडळ तिलाच जबाबदार असते. राज्यसभेला धनविधेयकसुद्धा १४ दिवसांत परत करावे लागते. परंतु घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहे लागतात. म्हणून तिथल्या नेत्यालाही डोकी मोजावीच लागतात.

ही डोकी १९८५ पर्यंत समजावून, नाहीतर आमिष दाखवून वळवावी लागत. पक्षांतराचा बाजार माजला म्हणून त्या वर्षी ५२ वी घटनादुरुस्ती झाली. पक्षादेशाविरुद्ध मत दिले, किंवा मतदानाला गैरहजर राहिले, आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केले नाही, तर सभासदत्व जाऊ शकते. हे दोन्ही सभागृहांना लागू आहे. बाजाराला आळा घालणे योग्यच होते. परंतु त्याबरोबर नेत्याच्या हाती कायद्याची काठी आली.

शिस्तीचे मला वावडे नाही. युनियनमध्ये संप फोडणाऱ्याला आम्ही जाब विचारतोच. पण संपाचा निर्णय आधी सभेत होतो, हात वर होतात, मग शिस्त लागू होते. चर्चेवाचून आलेली शिस्त ही शिस्त नव्हे, तो हुकूम होय.

नंदुरबारला लोकसभेत एकच जागा आहे. माणिकराव गावित तिथून ९ वेळा निवडून गेले. जंगलजमिनीचा किंवा सरदार सरोवराच्या विस्थापितांचा प्रश्न मतास आला, तर अक्कलकुवा-अक्राणीचा माणूस ज्याच्या तोंडाकडे पाहणार, तो हाच खासदार. त्याचे मत दिल्लीतील पक्षकचेरीत आधीच ठरले असेल, तर आपण पाठवले कोणाला?

सरकार टिकवण्याच्या आणि अंदाजपत्रकाच्या मतदानाला पक्षादेश खुशाल असावा. बाकीच्या प्रश्नांवर सभासदाचा हात मोकळा हवा. आणि तो कोठे वर झाला, हे मतदारांनी पाच वर्षे थांबून नव्हे, दर अधिवेशनानंतर विचारावे.